उर्राका आणि माझ्या आईचं नाव

मुलगी झाली आणि माझी झोप उडाली, ती तिच्या रडण्याने नव्हे, नावाने. बारसं तोंडावर आलं होतं. मला आईचं नाव ठेवायचं होतं. आई आदल्याच वर्षी गेली. पण ते नाव जुन्या वळणाचं, जोडाक्षरांनी ठासून भरलेलं. नवरा म्हणाला, इथल्या क्रेशमध्ये, म्हणजे पाळणाघरात, त्याचा पार चुरा होईल, सोपं ठेवू, म्हणजे इथल्या भाषेत सगळं ‘ग्रँड’, एकदम झकास. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर वेगळीच शंका काढली: आजीचं नाव घेऊन पोरीवर ओरडणार कशी? शेवटी दोन अक्षरी सुटसुटीत नाव ठरलं. मी हो म्हटलं आणि आयर्लंडमधल्या, लिमरिकच्या त्या घरात उगाच कपाटं उघडत-लावत फिरत राहिले.

अशात शॅननच्या कारखान्यातली माझी स्पॅनिश मैत्रीण बाळाला बघायला आली. ठरलेलं नाव मी सांगितलं, पण माझं तोंड बघून तिने खरं काय ते काढून घेतलं. मग तिने त्यांच्याकडच्या एका जुन्या नावाची गोष्ट सांगितली. उर्राका. मध्ययुगात तिथल्या राजघराण्यांत हे नाव आत्याकडून भाचीकडे, आजीकडून नातीकडे चालत यायचं. एका उर्राकाने बापाने दिलेलं शहर सख्ख्या भावाने वेढा घातला तरी सोडलं नाही. दुसरी स्वतःच्या हक्काने राणी झाली, वेळ आली तेव्हा नवऱ्याशीही लढली. तिसरीला म्हणे फ्रान्सच्या राजाचे वकील, म्हणजे दूत, राजपुत्रासाठी बघायला आले. म्हणजे आपला कांदेपोह्यांचाच कार्यक्रम. या थोरलीचं नाव आमच्या लोकांना झेपणार नाही, असं म्हणून ते तिच्या धाकट्या बहिणीला घेऊन गेले.

नाकारलेली ती उर्राका पुढे पोर्तुगालची राणी झाली, असं मैत्रिणीने समजुतीने सांगितलं. पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच. त्या वकिलांना शिव्या घालत मी बाळाचे कपडे दोनदा धुतले. नाव झेपणार नाही म्हणणारे वकील तर आमच्याच सोफ्यावर बसले होते, आणि त्यांना चहा मीच देत होते.

बारशाला नणंद डब्लिनजवळच्या ओंगारहून आली. आत्याचा मान तिचा. पाळण्यात वाकून तिने ‘कुर्र’ केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि ती मध्येच थांबली.

“वहिनी, तुझा चेहरा बघ जरा. कानात काय सांगू?”

“आईचं,” मी म्हटलं.

“अगं, पण नाव सांग ना.”

मी तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. जन्मभर तिला आईच म्हटलं होतं. ते नाव मी कागदांवर लिहिलं होतं, मावशीच्या तोंडून ऐकलं होतं, स्वतः कधीच उच्चारलं नव्हतं. इतके दिवस इथल्या लोकांच्या जिभेची काळजी करत होते, आणि अडखळली माझीच.

दुसऱ्या खेपेला नीट आलं. नणंदेने ते बाळाच्या कानात सांगितलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि पेढे वाटायला घेतले. मी पोरीला उचललं, तिच्या नावाने हाक मारली, परत मारली, आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर रडले.