पहिले चार आटे बोटांनी

आमच्या ह्यांचा एक नियम आहे. इंजिनात प्लग बसवताना पहिले चार आटे बोटांनी फिरवायचे, पाना नंतर. आटे तिरके लागले तर बोटाला लगेच कळतं. पान्याला काही कळत नाही, तो आपला रेटत राहतो आणि इंजिनाच्या हेडातले ॲल्युमिनियमचे आटे खाऊन टाकतो. तीस वर्षं भाईंदर पश्चिमेला ह्यांचं गॅरेज आहे आणि तीस वर्षं मी हे पुराण ऐकतेय. इथपासून मीरा रोडपर्यंत एक मेकॅनिक ह्यांच्या, म्हणजे धाकू मेस्त्रीच्या, तोंडातून सुटला नसेल. सगळे पान्याचे गुलाम म्हणे.

गेल्या वर्षापासून ह्यांना शर्टाची बटणं लागेनात. उकळत्या चहाचा ग्लास हातात धरून बसायचे, बोटं लालबुंद व्हायची आणि ह्यांना पत्ताच नाही. मीच ओढून डॉक्टरकडे नेलं. साखरेने बोटांच्या शिरा गेल्यात, असलेलं जपा, गेलेलं येत नाही, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी हे नेहमीसारखे गॅरेजात. मीही गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण चार घरच्या पोळ्या लाटायच्या, वर हे एक मनात घेऊन फिरायचं, थकून गेले हो मी.

परवा दुपारी डबा घेऊन गेले, तर जानूची रिक्षा दारात. जानू उत्तनचा कोळी, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. सकाळीच ह्यांच्याकडून नवा प्लग घालून गेला होता. बेव्हर्ली पार्कजवळ धाडकन आवाज झाला, प्लग उडून बाहेर आला, पॅसेंजर उतरून चालते झाले. दुसऱ्या रिक्षावाल्याने मागून पाय लावून त्याला इथवर आणला होता. जानू प्लगच्या दुकानदाराला शिव्या घालत होता.

"माल डुप्लिकेट हाय, मेस्त्री. तुमचा दोष न्हाय," तो म्हणाला.

ह्यांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. हलवली नाही. बॅटरी घेऊन भोकात बघत राहिले. त्यांचं तोंड बघूनच मी काय ते समजले.

आटे पार गेले होते. आता भोक मोठं करून त्यात लोखंडी बुश बसवायचा, आतून-बाहेरून आटे असलेला. ह्यांनी आटे पाडायच्या टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे चुरा त्याला चिकटतो, इंजिनात पडत नाही. मग अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. टॅप सरळ जातोय का ते डोळ्यांना दिसतं, आणि डोळे अजून शाबूत आहेत. बुश सुरेख बसला. जानू स्टुलावर चहा पीत बघत होता.

राहिला प्लग. तो खोल खड्ड्यात जातो, तिथे डोळ्यांचं काम नाही. ह्यांनी हात घातला, फिरवला, बाहेर काढला. परत घातला. तिसऱ्यांदा प्लग बोटांतून निसटून खाली पडला. तेव्हा ह्यांनी पाना उचलला. पुन्हा तिरका गेला तर बुशही जाणार आणि अख्खं हेडच बदलावं लागणार. हे पान्याकडे बघत उभे राहिले. मग तो खाली ठेवला.

"सुलू, इकडे ये. तू लाव."

जानूसमोर. मी पदर खोचला, हात घातला. आधी उलटा फिरव म्हणाले, टक् झालं की सुलटा. टक् झालेलं मला कळलं. एक, दोन, तीन, चार.

"हलका जातोय का? खरं सांग."

"जातोय हो."

मग पान्याने प्लग आवळून ते जानूकडे वळले. "प्लग चांगला होता. सकाळी मी सरळ पान्यानेच लावला. माझ्या बोटांना काही कळत नाही आता."

जानूने ग्लास खाली ठेवला. आपण स्टँडवर दुकानदाराच्या नावाने बोंब मारून आलोय, आता तिथे काय सांगू, असं त्याने विचारलं. जे झालं ते सांग, हे म्हणाले. जानूने उठून रिक्षा चालू केली, आवाज ऐकला, मला म्हणाला, "येतो वयनी," आणि गेला. ह्यांच्याकडे त्याने बघितलं नाही.

डबा तसाच पडला होता. माझी बोटं ग्रीसने काळी झालेली. ह्यांनी फडकं रॉकेलात बुडवलं, माझा हात हातात घेतला आणि एकेक बोट पुसायला लागले. उद्यापासून दुपारी येशील का, असं खाली मान घालूनच विचारलं. येईन म्हटलं, दुसरं काय म्हणणार? आपण किती जोरात दाबतोय ते त्यांना कळत नव्हतं. मला दुखत होतं. मी सांगितलं नाही.