कुत्र्याचा धनी कोण?

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी कोटाच्या खिशाकडे जातो. कुत्र्याचा मालक कोण, हे पंचांसमोर सिद्ध करायला मी निघालो होतो आणि माझ्या खिशात मटणाचे तुकडे होते. चूक एवढीच. बाकी तपास चोख होता, असं मी अजूनही म्हणतो. माझे त्या वेळचे जमादार आज हयात असते, तर हे वाक्य ऐकून त्यांनी मान दुसरीकडे फिरवली असती.

काळ निजामाच्या राजवटीतला. मी नुकताच अमीन होऊन केजच्या बाजूच्या एका ठाण्यावर आलो होतो. अमीन म्हणजे आजच्या भाषेत ठाण्याचा फौजदार. दप्तर सगळं उर्दूत, रयत बोलणार मराठी, आणि या दोहोंच्या मधे आमचे जमादार. पिकल्या मिशांचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. मला ‘साब’ म्हणायचे, पण अशा सुरात की हजेरी मीच देतोय असं वाटावं.

एका दुपारी ठाण्यासमोर बैलगाडी थांबली. गाडीत एक धनगरीण बसलेली, पोटरीला बांधलेलं फडकं रक्तानं वाळून कडक झालेलं. सोबत तिची जाऊ. आणि गाडीच्या मागं, दोन दोरांनी जखडलेला एक कुत्रा. तो पाहिला आणि मी फिर्यादीला विसरलो. उंच, खोल छातीचा, कंबर मुठीत मावेल अशी. कारवानी जातीचा शिकारी कुत्रा. रक्तानं माखलेल्या तोंडानं तो असा उभा होता, की ठाणं त्याचं आणि आम्ही त्याच्याकडे अर्ज घेऊन आलोय.

“काय झालं बाई?”

“ससा उठला. ह्यो त्याच्या मागं मेंढरातनं आला. आमचा मोत्या आडवा ग्येला. दोघं भिडली. मी सोडवाया गेलते, तर पाय धरला.” जरा थांबून ती म्हणाली, “मोत्या ग्येला.”

“हा कुत्रा कुणाचा?”

“ते तुमी सांगायचं. अमीन तुमी हाय.”

जमादार खोकले. मी फिर्याद लिहून घ्यायला सांगितली.

बाईचा नवरा मोठा कळप घेऊन बालाघाटाच्या पलीकडं गेला होता. नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या आणि कोकरं घेऊन या दोघी जावा मागं राहिल्या होत्या. त्या वर्षी डोंगराला लांडगे फार. मोत्या होता तोवर लांडगा लांबून बघून जायचा. आता राखणीला कुत्रा नाही आणि थोरलीला, म्हणजे या बाईला, पाय टेकवत नाही. कोकरं म्हणजे त्यांचं पुढचं सगळं वर्ष. ती रडत नव्हती, पण एकसारखी रस्त्याकडे बघत होती. तिचा जीव तिकडं, रानात होता.

मी तिला सरकारी दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी जखम धुतली आणि निरोप दिला: कुत्रा मारू नका, दहा दिवस बांधून ठेवा आणि लक्ष ठेवा. पिसाळून मेला, तर बाईला दूर दक्षिणेत सुया टोचायला न्यावं लागेल. जगला, तर भीती नाही.

“सात इहिरीत डोकावून आले मी,” बाई म्हणाली. “आता डाक्टरचं काय म्हननं हाय ते बी बघू.” कुत्रं चावलं की सात विहिरी बघायच्या, अशी आमच्याकडची जुनी समजूत. त्या पायानं ही सात विहिरी फिरली होती. मी थक्क झालो. पण थक्क व्हायची ही नुसती सुरुवात होती.

कुत्रा ठाण्यातच राहिला. कागदोपत्री तो मुद्देमाल. पहिले काही दिवस मी लांबून भाकरी सरकवायचो. मग जवळून. मग माझ्या ताटातून. पिसाळल्याचं लक्षण दिसत नव्हतं. उलट माझ्या खाटेखाली झोपू लागला.

“साब,” जमादार म्हणाले, “मुद्देमालाचे एवढे लाड बरे न्हाईत.”

मालकाची खबर युसूफ वडगाव या गावच्या बाजारात मिळाली. तिथला खाटीक जमादारांच्या ओळखीचा. तो हळूच म्हणाला, “आमच्या देशमुखाच्या घरून रोज कुत्र्याला मटणाची छाटछूट न्यायला गडी यायचा. कुत्रं ठाण्यात ग्येलं त्या दिसापासनं गडी येईना.”

“साक्ष देशील का?” मी विचारलं.

“साहेब, मला ह्याच मुलखात मटण इकायचं हाय.”

खरं म्हणजे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. पण पोलिसाला एक गोष्ट लवकर शिकावी लागते: सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीला साक्षीदार मिळत नाही.

मी देशमुखांच्या घरी गेलो. कुत्रा सोबत नेला असता तर निकाल उंबऱ्यावरच लागला असता. पण डॉक्टरांचे दहा दिवस अजून भरले नव्हते. देशमुखांनी खुर्ची दिली, सरबत दिलं.

“अमीनसाहेब, मुलखात कुत्री लई. सगळ्यांचा मीच बाप हाय काय?”

“आपल्याकडे कारवानी कुत्रा होता म्हणतात.”

“म्हणणारे मला बी कायकाय म्हणतात.”

बोलताना त्यांचा डावा हात खुर्चीशेजारी खाली लोंबत होता. बोटं एकसारखी हलायची, हवेत काहीतरी चाचपायची, आणि रिकामी वर यायची. मी बारकाईनं पाहिलं. मला वाटलं, वाताचा त्रास असावा. निघताना मी त्यांना निर्गुडीचा लेप सुचवला.

डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपली. कुत्रा ठणठणीत. बाईच्या जिवाची काळजी मिटली. पण पाय अजून सुजलेला होता आणि लांडग्यानं तोवर दोन कोकरं नेली होती. देशमुख आता भेटायला तयार नव्हते. दारातून गडी सांगायचा, “मालक गावाला गेल्यात.”

“कुत्रं सरळ त्यांच्या दारात नेऊन बांधू,” जमादार म्हणाले.

मला ते अडाणीपणाचं वाटलं. मी म्हटलं, पंच बोलवा. देशमुखांच्या गावच्या वेशीत कुत्रा मोकळा सोडू. तो आपल्या पायांनी ज्या घरी जाईल, ते त्याचं घर. पंचनामा करू. कोण नाही म्हणेल? या युक्तीवर मी इतका खूश होतो की रात्री उशिरापर्यंत स्वतःलाच समजावून सांगत होतो.

आता कुत्रा वेशीपर्यंत ओढत नेला, तर पंच म्हणणार, जबरदस्ती केली. म्हणून मी खिशात मटणाचे तुकडे घेतले आणि एकेक दाखवत त्याला राजीखुशीनं नेलं. वेशीत पंच उभे, गाव उभं. मी दोर सोडला.

कुत्रा निघाला. देशमुखांच्या गल्लीकडे वळला. मी पंचांकडे पाहून मान हलवली. आणि तेवढ्यात कुत्रा थांबला. त्यानं नाक वर केलं. गरकन वळला आणि वाऱ्यासारखा धावत आला तो माझ्या छातीवर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला. नाक थेट कोटाच्या खिशात.

गाव हसलं. पंच हसले. पाटलांनी तोंडावर उपरणं धरलं. पण पंचनामा तर लिहावाच लागतो.

त्या काळी तहसीलदारच फौजदारी कामही बघत. आमचे तहसीलदार हैदराबादकडचे, वयस्क, कमी बोलणारे. कचेरीत देशमुख मागच्या दारानं आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मोमिनाबादहून, म्हणजे आताच्या अंबाजोगाईहून, त्यांनी वकील आणला होता. कुत्रा बाहेर, पुढच्या दारासमोर लिंबाखाली बांधलेला.

“तुझा वकील कुठंय?” तहसीलदारांनी बाईला विचारलं.

तिनं माझ्याकडे बोट केलं. “ह्येच व्हते. पर आता कुत्रंच ह्यांचं निघालंय.”

वकिलानं पंचनामा वाचला. कुत्रे काही अंतर गेले, मागे वळले, अमीनसाहेबांच्या अंगावर प्रेमाने झेपावले. “हुजूर, कुत्रं ज्याच्याकडे धावतं तो त्याचा धनी. भरपाई द्यायचीच असेल, तर माझ्या अशिलानं का द्यावी?” आणि त्यानं नम्रपणे माझ्याकडे हात केला.

तहसीलदारांनी चष्म्यावरून पाहिलं. “अमीनसाहेब, खिशात काय होतं?”

“मटण, हुजूर.”

“लिहून घ्या,” ते कारकुनाला म्हणाले.

तेव्हा बाई काठीवर भार देऊन उठली.

“मला एक इचारायचं हाय. ह्यो कुत्रा देशमुखाचा न्हाई, असं त्येंचंच म्हननं हाय नव्हं?”

“हो.”

“मंग बेवारस झाला. मला द्या.”

कचेरीत चुळबुळ झाली. तहसीलदार म्हणाले, “अगं, तुलाच चावलाय ना तो?”

“दोघांच्या भांडणात मधी पाय घातल्यावर लागायचंच. माझा कुत्रा ग्येला, मला कुत्रा पायजे. कोकरं उघडी पडल्यात. ह्यो मेंढरावरनं उड्या मारत ग्येला, पर एकाला दात लावला न्हाई. शिकवलेलं जनावर हाय. चूक त्याची न्हाई, मोकळा सोडणाऱ्याची हाय. पर सोडणारा तर कुणीच न्हाई म्हनत्यात.”

तहसीलदारांनी वकिलाला विचारलं, काही हरकत? वकिलानं देशमुखांकडे पाहिलं. देशमुख भिंतीकडे. “हरकत नाही, हुजूर.”

“घेऊन जा बाई.”

ती लंगडत बाहेर गेली. दारातून सगळं दिसत होतं. मी जमादारांना खूण केली, लाठी घेऊन मागं जा. ते जागचे हलले नाहीत. ती कुत्र्यासमोर खाली बसली, दुखरा पाय लांब करून, घरच्या अंगणात बसावं तशी. हात पुढं केला आणि धरून ठेवला. कुत्र्यानं हात हुंगला. मग खाली वाकून पोटरीवरची पट्टी हुंगली, फार वेळ. आणि कान पाडून तिच्यापुढं बसला. कचेरीतला पंखा ओढणाराही दोरी सोडून बघत राहिला.

तिनं सरकारी दोर सोडला. स्वतःची लोकरीची दोरी त्याच्या गळ्यात घातली. “चल,” म्हणाली. तो निघाला, तिच्या लंगडण्याइतकाच सावकाश.

मी देशमुखांकडे वळून पाहिलं. डावा हात खुर्चीशेजारी लोंबत होता. बोटं हवेत चाचपत होती. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की याला लेप लागू पडणार नव्हता.

“वाऱ्या!”

अख्खी कचेरी दचकली. देशमुख उभे होते. कुत्र्यानं मान वळवली, दोरी तिच्या हातातून सुटली, आणि तो शिपायाचं स्टूल ओलांडून आत आला. देशमुखांच्या लोंबत्या हाताखाली त्याचं डोकं असं बसलं की ती जागा त्याच्यासाठीच घडवलेली असावी. कुणी हसलं नाही.

“माझा हाय,” देशमुख म्हणाले. “हुजूर, कुत्रं माझं हाय. धनगरणीपुढं उभं राहायची लाज वाटली मला.”

वकिलानं कागद गुंडाळले.

निकाल थोडक्यात झाला. दवाखान्याचा खर्च, मेलेल्या कुत्र्याची आणि नेलेल्या कोकरांची भरपाई देशमुखांनी द्यायची. तहसीलदारांनी बाईला विचारलं, आणखी काही?

तिनं देशमुखांच्या हाताखालच्या डोक्याकडे पाहिलं. “कुत्रं त्येचं त्येला ऱ्हाऊ द्या. पर माझा पाय बरा हुईस्तवर कुत्र्यानं माझी मेंढरं राखावी. गडी बी द्या संगं.”

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. “बाई, देशमुख उठतील हे तुला माहीत होतं ना?”

“मला कुत्रा पायजे व्हता,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर डाव जिंकल्याचं काही नव्हतं. मी कितीतरी वर्षं त्यात डाव शोधला. आता शोधत नाही. मी धनी शोधत होतो, वकील पळवाट शोधत होता, आणि तिला फक्त आपली कोकरं वाचवायची होती. पुढे नोकरीभर मी फिर्यादीला पहिला प्रश्न हाच विचारत आलो: तुला नक्की काय पाहिजे? गुन्हा कुणी केला, हे त्यानंतर.

काही दिवसांनी दिवस मावळायच्या सुमारास मी मुद्दाम त्या रानात गेलो. गडी कुठंच दिसेना. वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या बाहेर दगडावर स्वतः देशमुख बसले होते, खांद्यावर घोंगडी, आणि शेजारी वाऱ्या. गड्याच्या भरवशावर कुत्रा सोडायला मन धजेना, म्हणून रोज संध्याकाळी स्वतःच येऊन बसायचे. बाईनं मेंढीच्या दुधाचा चहा दिला, तो ते फुंकून फुंकून पीत होते. ज्या माणसाला तिच्यापुढं उभं राहायची लाज वाटत होती, तो तिच्या कोकरांची राखण करत होता. असा हुकूम कुठल्या कायद्यात लिहिता आला असता, मला ठाऊक नाही.

वाऱ्यानं मला पाहिलं आणि धावत आला. मी फुशारलो. म्हटलं, देशमुखांसमोरसुद्धा ठाण्याच्या मिठाला जागला! त्यानं दोन्ही पाय माझ्या छातीवर ठेवले, नाक खिशात घातलं, खिसा रिकामा बघून खाली उतरला आणि मागं न बघता देशमुखांकडे परत गेला.

“अमीनसाहेब,” बाई मेंढीची धार न थांबवता म्हणाली, “येताना मटण घिऊन येत चला. न्हाईतर तुमाला कुत्रं बी इचारत न्हाई.”