एकाच माशाचे खवले

"तुमी मासा कापला हाये का कदी?" हा बाईंचा नेहमीचा प्रश्न. कोणी काही ठासून बोलायला लागलं की त्या शांतपणे तेवढंच विचारायच्या. मी विज्ञानाचा मास्तर, तरी नाही म्हणालो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

सिरोंच्याकडे नदीकाठी एक साहेब संशोधनाला आले होते. त्यांना मराठी येत नव्हती, म्हणून सुट्टीत दुभाषा म्हणून मला नेलं. नामशेष प्राण्यांचा शोध म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे भलेमोठे सांगाडे येत असतील. इथे काठावरची माती घमेल्यात भिजवायची, चाळणीत धुवायची आणि उरलेला चुरा वाळवून कण न् कण निवडत बसायचं. दात, खवले, मणके, बहुतेक तांदळाच्या कणीएवढे. त्यावरून अख्खा प्राणी ताडायचा.

निवडायला रोजीने आलेल्या बायांमध्ये या बाई होत्या. घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारी. साहेब भिंगातून बघूनही घोटाळत, तिथे बाई चिमटीत धरून सांगत, हा खवला, हा खडा.

साहेबांनी खवल्यांच्या दोन डब्या केल्या होत्या. उभट खवले एकीत, बसके दुसरीत. नामशेष माशांच्या दोन जाती सापडल्या म्हणून ते खुशीत होते. बाईंनी डब्यांत डोकावून पाहिलं.

"हा एकच मासा हाये. हे बाजूचे खवले, हे पोटाचे."

मी साहेबांना सांगितलं, "बाई माशांबद्दल काहीतरी म्हणताहेत." एवढंच. ते हसले, म्हणाले, मासे खाणं वेगळं, अभ्यास वेगळा. मी बाईंना सांगितलं, "साहेब विचार करतील."

दुसऱ्या दिवशी बाई घरून रोहू घेऊन आल्या. साहेबांच्या टेबलावर पेपर पसरून त्यांनी तो खवलला आणि खवले डोक्याकडून शेपटीकडे, पाठीकडून पोटाकडे ओळीनं मांडले. हात कसा झरझर चालत होता. कोणत्याही प्रयोगशाळेत मी इतकं नेटकं काम पाहिलेलं नाही.

"आता त्याइले इचारा, हे किती जातीचे मासे झाले?"

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. टेबल घाण केलं म्हणाले आणि उद्यापासून या बाईला आणू नका, असं मला बजावलं. मी प्रश्न विचारलाच नाही. पुढच्या वर्षीही मला बोलवावं, एवढाच माझा विचार. थू माझ्या मास्तरकीवर.

"बाई, तुमचं काम संपलं," मी म्हणालो.

त्यांनी वाळत घातलेल्या चुऱ्याच्या ढिगाकडे पाहिलं. "एवढं निवडाचं पडून हाये अन काम संपलं? तुमी माहं बोलनं त्याइले बराबर सांगतलं नाई, मास्तर."

त्या ओरडल्या नाहीत. रोहू पेपरात गुंडाळून निघून गेल्या.

दोन वर्षांनी साहेबांचा छापील लेख टपालाने आला. त्यात मासा एकच होता. खवल्यांतला फरक शरीरावरच्या जागेमुळे असतो, आजच्या रोहूशी ताडून पाहता हे सिद्ध होतं, असं ऐटीत लिहिलं होतं. शेवटी आभारांची यादी होती. त्यात तंबू देणारा होता, जीपचा ड्रायव्हर होता, मी होतो. बाई नव्हत्या. माझं डोकं फिरलं. मी साहेबांना खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर आलं, खवले असे ताडून पाहायची पद्धत जुनीच आहे, ती कोणा एकाची नसते. हे खरं आहे, आणि म्हणूनच अजून संताप होतो.

लेख घेऊन मी बाईंच्या घरी गेलो. आदल्या पावसाळ्यात त्या तापाने गेल्या होत्या. सुनेनं ओट्यावर बसायला सांगितलं. मी खवल्यांचा भाग आणि आभारांची यादी मराठी करून वाचून दाखवली, एकही शब्द न गाळता. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"यात बुढीचं नाव कुठी हाये?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग हे लाल रेघ कोनाच्या नावाखाली हाये?"

लेख आला त्या दिवशी मीच ती मारली होती, राग यायच्या आधी.

"माझ्या," मी म्हणालो.

तिनं कागद नीट घडी करून माझ्या हातात परत दिला.