काकांच्या गाडीचे मागचे ब्रेक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — तिच्या लेखी मी घरातला पहिला शिकलेला, आणि शिकलेला माणूस असलं काही करत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय. बघू.

मी जालन्याकडच्या एका तालुक्याच्या गावचा. दिल्लीजवळ मानेसरच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा दिल्लीत ओळखीचं कुणी नव्हतं. मामाने सुभेदार काकांचा पत्ता दिला. काका फौजेतून निवृत्त होऊन दिल्लीतच, पालमला राहिले होते. त्यांनी गच्चीवरची खोली — इथे तिला बरसाती म्हणतात — मला उघडून दिली. मी संकोचलो की काकू म्हणायच्या, "आधी जेव, मग बोल." पहिल्या थंडीत काकांनी स्वतःचा फौजी कोट माझ्या अंगावर घातला. परक्याच्या मुलासाठी कोण करतं हो एवढं?

काकांनी फौजेत उभी हयात जवानांना गाडी चालवायला शिकवलं होतं. दिल्लीच्या एका सवयीचा त्यांना फार राग. गल्लीत जागा नसते, म्हणून लोक दुसऱ्याच्या गाडीपुढे आपली लावतात आणि हँडब्रेक न ओढता, न्यूट्रलमध्ये सोडून जातात — ज्याला निघायचंय त्याने ती ढकलावी. सगळी गल्ली तसंच करायची. काका कधीच नाही. "हँडब्रेक न ओढता उतरणारा मी पासच केला नसता," म्हणायचे.

त्यांची गाडी साधी, मागे ड्रम ब्रेक. त्याच कंपनीच्या, दिसायला जवळजवळ तशाच पण महागड्या गाडीला मागे डिस्क ब्रेक असतात. ते हिला बसतात, असं मी मोबाइलवर पाहिलं. वाटलं, या दोघांसाठी आपणही काहीतरी करावं. काका मला "इंजिनिअर साहेब" म्हणायचे ना. खरं सांगू? मी कारखान्यात सीटचे पत्रे दाबणाऱ्या मशीनवर होतो. ब्रेकचं मला काय कळत होतं? पण इंजिनिअर म्हणतोय म्हटल्यावर काकांनी पुढे काही विचारलं नाही.

मायापुरीच्या जुन्या सामानाच्या बाजारातून डिस्क आणले. बोल्ट बरोबर जुळले. तेवढ्यावर मी खूश. हँडब्रेकची केबल मात्र त्या गाडीची वेगळी होती; ती मिळाली नाही, म्हणून जुनीच ताणून जोडली. गाडी झकास थांबायची. काकूंनी चाकांना हळदकुंकू वाहिलं, शिरा केला.

पुढे एकदा मी एकटाच गाडी घेऊन निघालो होतो. उड्डाणपुलाच्या चढावर, रांगेत, हँडब्रेक ओढून थांबलो. गाडी उभी राहिली — आणि जरा वेळाने आपोआप हातभर मागे सरकली. घरी येऊन वाचलं. डिस्क तापलेली असताना ब्रेक धरतो; ती निवायला लागली की आकसते, आणि केबल जुळणारी नसेल तर पकड सुटते. म्हणजे मला कळलं होतं. हे नीट लक्षात घ्या — मला कळलं होतं. काका, केबल आणेपर्यंत चढावर लावू नका, एवढंच सांगायचं होतं. नाही सांगितलं. त्यांच्या तोंडचं ते "इंजिनिअर साहेब" जाईल, याची भीती वाटली. रविवारी केबल बघू, म्हटलं. असे कितीतरी रविवार गेले.

मग ती दुपार. त्यांच्या मुलीचं, मंजूताईचं, बाळंतपण जवळ आलं होतं. काका-काकू करोल बागेतून बाळाचे कपडे घेऊन, गर्दीत सारखे ब्रेक दाबत परतले. गेटसमोर रॅम्प आहे, चांगलाच चढा. काकांनी तिथे गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवून गेट उघडायला उतरले. कडी अडकली होती, वेळ लागला. काकू डिकीतून पिशव्या काढत होत्या. गाडी मागे आली. गल्लीत पलीकडे दुसरी गाडी उभी होती. काकू दोन्हींच्या मध्ये.

ओरडा ऐकून मी धावत खाली आलो. काका मागून गाडी ढकलत होते. मी आत बसलो. हँडब्रेक ओढलेला होता. पूर्ण वर. तो मी खाली केला, गाडी पुढे घेतली, काकू सुटल्या.

हे फक्त मी पाहिलं.

दवाखान्यात शेजारचे गुप्ताजी म्हणाले, "सूबेदार साब, हैंडब्रेक नहीं खींचा था क्या?"

"खींचा था," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "ओढला होता ना रे? तू बसलास की आत."

हो म्हणायचं होतं. आणि मी म्हणालो, "नाही काका. खाली होता."

"अरे, यहाँ तो सबकी यही आदत है," गुप्ताजी म्हणाले. धीर द्यायला म्हणाले बिचारे. काका आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले.

काकूंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या अंथरुणावरून उठल्याच नाहीत. पुढच्या थंडीत गेल्या. तोवर नवऱ्यालाच समजावत होत्या — "होतं माणसाच्या हातून, मनाला लावून घेऊ नका." मी तिथेच बसून त्यांच्यासाठी सफरचंद कापत असायचो.

गाडी विकण्याआधी मी डिस्क काढून जुने ड्रम परत बसवले. घेणाऱ्याला धोका नको, असं स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण माझं काम त्यात पुसलं गेलं, नाही का? काकांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "तू होतास म्हणून निभावलं."

काका आता पुण्याला मंजूताईकडे असतात. ती त्यांचं सगळं करते, पण मुलाला एकट्या काकांबरोबर खाली बागेत पाठवत नाही. हे त्यांनीच मला सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. "बरोबरच आहे तिचं," म्हणाले.

गेल्या महिन्यात फोन आला. माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी केली. मग म्हणाले,

"वय झालं रे, डोक्यात काही राहत नाही. पण अजून कधीकधी वाटतं, मी ओढला होता. हाताला आठवतं यार. खालीच होता ना?"

"खालीच होता, काका."

"अच्छा," ते म्हणाले. "मग माझंच चुकतंय."