चोवीस नंबर, किती?

परब गेल्याची बातमी मला शेजारच्या मयेकरवहिनींनी दिली. मी दूध तापवत होते. दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "बाई, परब गेले." मी विचारलं, "एवढ्या सकाळी कुठे?" त्या काहीच बोलल्या नाहीत... आणि त्या गप्प राहण्यानेच मला कळलं. आमच्या चाळीत गप्प राहण्याला अर्थ होता. तो परबांनीच लावून दिला होता.

मिहीर, ऋता, मागच्या सुट्टीत तुम्ही बोरीवलीला आलात तेव्हा चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा पाहून विचारलं होतंत, "आजी, हे काय?" मी "घंटा" म्हणून मोकळी झाले. आता परबांना जाऊन तीन आठवडे झाले आहेत. जे तेव्हा सांगितलं नाही ते क्रमाने सांगते. त्यात एक गोष्ट अशी आहे, जी मी कुणालाच सांगितलेली नाही.

परब मूळचे मालवणकडचे. कापड गिरणीतल्या आग विझवणाऱ्या तुकडीत त्यांनी वीस वर्षं काढली. संपात गिरणी बंद पडली आणि ते आमच्या चाळीतल्या चोवीस नंबरच्या खोलीत एकटे येऊन राहिले. बायको गावी, मुलगा नोकरीला दूर. आमची बैठी चाळ अगदी जंगलाला लागून. उन्हाळ्यात टेकडीवरचं गवत पेटायचं, आणि बंब आमच्या चढाच्या बोळात शिरायचाच नाही. परबांनी दोन दिवस बोळात फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या दिवशी सहा जणांचं आगपथक उभं केलं. मी निवृत्त शिक्षिका, अक्षर बरं, म्हणून पथकाची वही माझ्याकडे आली.

महिन्याचा पहिला रविवार पथकाचा. आदल्या संध्याकाळी परब गोणपाटं बादलीत भिजत घालायचे. सकाळी दहाला रुळावर ठोके पडले की हातातलं काम टाकून सगळी चाळ चिंचेखाली यायची. बादल्यांतली वाळू चाळायची, शिडीच्या पायऱ्या तपासायच्या, घरोघरचे स्टोव्ह बघायचे. "परबांना बायकोपेक्षा आमच्या स्टोव्हची जास्त आठवण येते," असं बायका त्यांच्या तोंडावर म्हणायच्या. ते म्हणायचे, "बायको भडकली तर घरच्या घरी ऱ्हवता."

पण या सगळ्याआधी मोजणी. परब एकेका खोलीला हाक मारायचे, "एक नंबर, किती?" त्या घराने आपली माणसं मोजून आकडा ओरडायचा. सात नंबरचा नवरा एकदा ओरडला, "तीन, आणि एक पोटात!" परब शांतपणे मला म्हणाले, "बाई, साडेतीन लिवा." घर बंद असेल तर शेजाऱ्याने खिडकीतून आत बघायचं आणि मगच "शून्य" म्हणायचं. न बघता शून्य म्हणायचं नाही. आणि कुणीच बोललं नाही तर? "तर आत माणूस आसा असा समजायचा," परब म्हणायचे. हे शिकवताना त्यांचा आवाज खाली जायचा. गिरणीत कधीतरी मोजणी चुकली असावी. मी विचारलं नाही.

एप्रिलमधली दुपार होती. पुरुष कामावर गेलेले. टेकडीवरचा वणवा वाऱ्याबरोबर खाली आला आणि मधल्या ओळीचं छप्पर धुरात गेलं. ठोके पडले. महिनोन् महिने सराव झाल्यामुळे बायकामुलं रडत का होईना, पण चिंचेखाली आली. परबांनी हाका सुरू केल्या आणि मी लिहू लागले. चौदा नंबर मयेकरांचा. माझा तेरा, म्हणून त्यांचं उत्तर मी द्यायचं. चिंचेसमोरच्या त्यांच्या दाराला कुलूप होतं. सगळे जोगेश्वरीला लग्नाला जाणार हे मला ठाऊक होतं. त्यांची म्हातारी आत्या अर्धांगवायूने पडून होती, तीन वर्षं तिची वाचा गेलेली. तिलाही नेलं असेल असं मी धरून चालले. खिडकी चार पावलांवर होती. मी गेले नाही. कुलूप बघून म्हटलं, "शून्य."

परब पुढच्या हाकेला गेले नाहीत. माझ्याकडे वळले. "बाई, कोणीतरी 'एक' म्हटल्यान."

"मी शून्य म्हटलं."

"तुमी शून्य म्हटलास. त्याच्या मागसून कोणीतरी 'एक' म्हटल्यान."

भोवती उभ्या असलेल्यांपैकी कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. परबांनी ओलं गोणपाट डोक्यावर घेतलं, पहार उचलली आणि ते धुरात शिरले. कुलूप तुटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही... ते बाहेर आले तेव्हा गोणपाटात गुंडाळलेली आत्या त्यांच्या खांद्यावर होती. ती झोपली आहे, दोन तासांत येऊ, असं म्हणून मयेकरांनी तिला कुलपाआड ठेवलं होतं. त्यानंतर काही मिनिटांतच चौदाचे वासे खाली आले.

रात्रीपर्यंत चाळीत एकच विषय. आत्याची जीभ हलत नव्हती, मग बोललं कोण? संध्याकाळी मी वहीतलं शून्य खोडायला रबर घेतलं, तर परब म्हणाले, "खोडू नकात. बाजूक एक लिवा." मग दारातच घुटमळले. "बाई, तुमी आयकलास ना?"

मी म्हटलं, "नाही."

मी ऐकलं होतं. माझ्या "शून्य" पाठोपाठ, स्वच्छ. म्हातारीचा आवाज नव्हता तो. वर्गात हजेरीला नव्या मुलीने हळूच उत्तर द्यावं तसा होता. तीस वर्षं मी हजेरी घेतली आहे. असा आवाज मी चुकत नाही. पण ऐकलं म्हटलं असतं, तर ऐकूनही पेन्सिल शून्यावरच ठेवली हेही कबूल करावं लागलं असतं. परबांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मान हलवली आणि गेले.

त्यानंतर पोरं त्यांना छळायची. "परबकाका, चौदातलं भूत आज काय म्हणालं?" ते म्हणायचे, "तुझीच चौकशी करी होता." हसण्यावारी न्यायचे. पण चौदा पुन्हा बांधून झाल्यावर दर महिन्याला मयेकरांनी "चार" म्हटलं की ते लगेच पंधराला जात नसत. मान किंचित कलती करून थांबत. दोन वर्षांनी आत्या वारली, तरी थांबत राहिले. त्या थांबण्यात मी वहीत मान घालून बसायचे. चाळीने त्यांना भास होणारा माणूस ठरवलं होतं, आणि एका शब्दात ते जिला खोटं ठरवता आलं असतं अशी मी एकटीच होते.

ते गेल्यानंतर महिन्याचा पहिला रविवार आला, तेव्हा रूळ कुणी वाजवला नाही. तरी दहाला सगळे चिंचेखाली जमले. मयेकर म्हणाले, "बाई, आज हाका तुम्हीच द्या." मी एकपासून सुरुवात केली. चौदाला थांबले. पानाचासुद्धा आवाज नव्हता. तेवीसपर्यंत उत्तरं आली. मग मी म्हटलं, "चोवीस नंबर, किती?"

कुणी बोललं नाही. मयेकर पुटपुटले, "शून्यच की हो, बाई." तेविसातल्या सूनबाई खिडकीकडे निघाल्या होत्या. मी म्हटलं, "थांब, मी बघते." परबांचा मुलगा दोन आठवड्यांपूर्वी खोली बंद करून किल्ली माझ्याकडे ठेवून गेला होता. मी कुलूप काढून आत गेले. खाट, खुंटीवरचा सदरा, कोपऱ्यात पहार. वाकून खाटेखाली पाहिलं, दाराआड पाहिलं. बादलीत गोणपाट होतं. हात लावला... ओलं होतं. टेकडीचं पाणी त्या भिंतीतून झिरपतं. तसंच असेल.

मी मोठ्याने म्हटलं, "परब, मीपण ऐकलं होतं." आणि मान थोडी कलती करून थांबले, ते थांबायचे तेवढा वेळ.

बाहेरून मयेकरांनी हाक मारली, "बाई, वही द्या, मी लिहितो. शून्य ना?"

"नको," मी म्हटलं, "अजून बघून झालेलं नाही."

चोवीसचा रकाना त्या पानावर कोरा आहे. किल्ली मी मुलाला परत पाठवलेली नाही.