भल्या शेजाऱ्याचा धडा

मी चौथीत नापास झाले ती एका शेजाऱ्यामुळे. तो शेजारी पुस्तकातला होता, आणि त्याचं शेत कुठल्या मुलखात होतं, त्यात काय पिकत होतं, हे सांगायची तसदी धडा लिहिणाऱ्याने घेतली नव्हती. त्या लेखकाचा मला अजून राग येतो. एक ओळ जास्त लिहिली असती तर त्याचं काय जात होतं?

पोलादपूरकडून उमरठला जाणाऱ्या वाटेवर, डोंगराच्या कुशीत आमचं गाव. शाळा चौथीपर्यंतच. पुढे शिकायचं तर पोलादपूरला आत्याकडे राहायचं. बाबांनी घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "पास झालीस तर आत्याकडं ठेवतो. नाय झालीस तर घरात काम काय कमी नाय." मला पोलादपूरला जायचंच होतं. तिथे मोटारी बघायला मिळतात हे एक, आणि आत्याकडे गुरं नव्हती हे दुसरं. शेण काढून काढून मी कंटाळले होते.

वाचनात मी पक्की होते. आमचे गुरुजी महाडचे, बोलायला शुद्ध आणि मारायला तयार, पण माझ्या वाचनाला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही. तेव्हा परीक्षेची मला धास्ती नव्हती.

परीक्षा चैत्रात होती. केंद्राच्या शाळेत साहेब येणार, म्हणून गुरुजी आम्हाला पहाटेच चालवत घेऊन गेले. साहेब घाटावरचे होते. उकाड्याने बेजार झालेले दिसत होते. त्यांनी आम्ही कधी न पाहिलेलं एक पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "वाच."

धडा लहानसा होता. एका शेतकऱ्याने फार कष्ट केले. त्याचं शेत आता वाळून तयार झालं होतं, एक-दोन दिवसांचंच काम उरलं होतं. शेजारी रोज बांधावरून ते पाहत असे. शेवटी त्याला राहवेना. एका रात्री तो गुपचूप गेला आणि त्याने शेताला आग लावली. सकाळी शेतकरी येऊन बघतो तर सगळं शेत काळं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने शेजाऱ्याला घरी बोलावलं, पोटभर जेवू घातलं, आणि तेव्हापासून दोघे जिवाचे मित्र झाले.

मी कुठेही न अडखळता वाचलं. साहेब खूश झाले.

"आता सांग, शेजारी कसा माणूस होता?"

"भला होता."

साहेबांनी मान वर केली. "भला? का बरं?"

"त्यानं न सांगता शेत भाजून दिलं. रातचा वारा पडतो, तवा आग पळत नाय."

"मग शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी का आलं?"

"बरं वाटलं म्हणून."

"आणि जेवायला का घातलं?"

हा काय प्रश्न झाला? "काम करून दिलं तर जेवण घालायलाच लागतं," मी म्हटलं.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे पाऊस यायच्या आधी, भाताची रोपं जिथे करायची तो तुकडा भाजून काढतात. शेण, वाळका पाला, टहाळे, गवत असं सगळं जमिनीवर पसरायचं, वर माती टाकायची आणि वारा पडला की पेटवायचं. याला राब भाजणं म्हणतात. हे एकट्याचं काम नव्हे. आग सुटली तर डोंगर पेटतो, म्हणून शेजारी ओला टहाळा घेऊन उभा राहतो. मग त्याच्या राबाला आपण जायचं. आमच्या राबाला दरवर्षी पलीकडच्या घरातले काका येत. रात्र रात्र जागत, आणि सकाळी काळ्याभोर जमिनीकडे बघून बाबा त्यांना म्हणत, "चला जेवायला." उलट भात कापणीला येतं तेव्हा आमच्या शेतात पाय रुतत असतो. तिथे काडी लावायला जाणारा माणूस आम्हाला वेडा वाटला असता. शेत पेटलं याचा आमच्याकडे एकच अर्थ होता, आणि तो चांगला होता.

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. मग नाकाला रुमाल लावून विचारलं, "हा धूर कसला येतोय सकाळपासून?"

खिडकीतून समोरचा उतार दिसत होता, जागोजागी धुमसत होता.

"राब भाजताहेत, साहेब," गुरुजी म्हणाले.

"खिडकी लावून घ्या."

गुरुजींनी उठून खिडकी लावली. एवढं बोलून ते गप्प का बसले, पुढचं एक वाक्य त्यांच्या तोंडून का निघालं नाही, हे मला आजही कळत नाही. साहेबांनी मला नापास केलं. वाचता येतं, पण वाचलेलं कळत नाही, असा शेरा दिला.

परत येताना गुरुजी माझ्यावरच चिडले. "एवढं साधं कळलं नाही तुला? त्याने द्वेषाने पीक जाळलं."

"कसलं पीक?"

"ज्वारी असेल."

ज्वारीचं शेत आमच्या वर्गात एकानेही पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "ते धड्यात कुठं हाय?"

"ते धड्यात नसतं. ते आपण समजून घ्यायचं असतं."

समजून घ्यायचं असतं, म्हणे. कुठून समजून घ्यायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी गुरुजी आमच्या ओटीवर येऊन बसले. पोरगी नापास झाली हे ऐकून बाबांचा चेहरा उतरला. माझं पोलादपूर गेलं, हे मला तिथेच कळून चुकलं. मग बाबांनी विचारलं की ती चुकली कुठे, आणि गुरुजींनी त्यांना सगळा धडा सांगितला. बाबांनी तो अगदी मन लावून ऐकला.

"मग शेजारी वाईट कसा?" बाबा म्हणाले.

"अहो, पीक जाळलं त्याने."

"पीक जाळलं तर त्याला जेवू घालंल काय कोन? टाळक्यात काठी नाय घालनार?"

"त्याने क्षमा केली. तेच तर शिकायचंय त्यातून."

"आसं कुठं आसतं काय, गुरुजी? वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवलं आसंल त्यानं, जानता मानूस." गुरुजींनी कपाळाला हात लावला. बाबांनी मात्र निकाल देऊन टाकला, "पोरगी बराबर बोलली. तुमचा सायेब चुकला. पुढल्या साली परत बसवा तिला."

मी त्या रात्री पोटभर जेवले.

पुढचं वर्ष मी माझ्याहून लहान पोरांबरोबर चौथीत काढलं आणि गुरुजींनी तो शेजारी माझ्या डोक्यात ठोकून ठोकून बसवला. शेजारी कसा? दुष्ट. आग का लावली? द्वेषाने. शेतकऱ्याने काय केलं? क्षमा. मला त्यातलं काही पटत नव्हतं, पण पटणं परीक्षेत विचारत नाहीत एवढं आता मला कळलं होतं.

पुन्हा चैत्र, तेच साहेब, तेच पुस्तक. त्यांनी तोच धडा काढून दिला. मी वाचला, आणि विचारलं तसं सांगितलं. शेजारी दुष्ट होता. साहेब म्हणाले, "शाबास. आता कळायला लागलं हिला."

घरी पोचले तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. आमच्या शेतात राब पेटला होता. पलीकडच्या घरातले काका धुरात वाकून टहाळ्याने कड झोडत होते, तोंड सगळं काळं झालेलं. बाबा बांधावर आले.

"काय गो?"

"पास झाले."

बाबा हसले. "आत्याला निरोप धाडतो उद्याच. काय इचारलं?"

"तोच धडा."

"मग शेजारी कसा म्हनालीस?"

"दुष्ट होता म्हटलं. मग पास केलं."

बाबांनी मागे वळून काकांकडे पाहिलं. काका खोकत खोकत अजून आगीची कड सांभाळत होते.

"जाशील आत्याकडं, बरं झालं," बाबा हळूच म्हणाले. "पन आसं बोलू नये गो. काय वाईट केलं व्हतं त्यानं?"