शेवगावच्या रानात उतरलेली उंचावरची हवा

शेवगावकडे जायचं म्हणून सहसा कोणी सुट्टी काढत नाही. मीही हौसेनं गेलो नव्हतो. बहात्तरच्या दुष्काळातला हिवाळा होता आणि नगरला मी भाड्यानं जीप चालवायचो. एके सकाळी नाडकर्णी नावाचे तरुण संशोधक दारात उभे राहिले. हैदराबादेहून सोडलेल्या त्यांच्या फुग्याची पेटी शेवगावच्या अलीकडे एका रानात पडली होती. पेट्रोल त्यांचं, भाकरी माझी, असं ठरलं आणि निघालो.

करंजीचा घाट तेव्हा अरुंद होता. समोरून एसटी आली की कडेला अंग चोरून थांबायचं. रस्त्यालगत दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत होती. तुम्ही जाणार असाल तर घाटाआधी पाणी भरून घ्या, तिसगावला चहा बरा मिळतो.

त्याच चहावर मी विचारलं, "साहेब, पेटीत आहे तरी काय?"

"हवा. दोन पोलादी बाटल्या. पार वर गेल्यावर आपोआप उघडतात, हवा घेतात आणि मिटतात."

"हवेचं काय करायचं?"

"कार्बन डायऑक्साइड किती ते मोजायचं. गिरण्या, मोटारी, कोळसा, सगळ्यांचा धूर तो वाढवतोय. खाली तो ऊब धरतो, पण तिथं वर उलट हवा थंड करतो. आता त्याच उंचीवर, उत्तर ध्रुवाभोवती हिवाळ्यात वाऱ्याचा एक अवाढव्य भोवरा फिरतो. घट्ट फिरला की थंडी आत कोंडून राहते, डगमगला की ती खाली दक्षिणेकडच्या मुलखात सांडते."

"मग हा वायू वाढला की भोवरा घट्ट होणार की डगमगणार?"

"वरचा गारवा त्याला घट्ट करेल, खालून उसळणाऱ्या हवेच्या लाटा डगमगवतील. कोण जिंकेल, माहीत नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "या बाटल्या वाया गेल्या तर मला दुसरा फुगा कोणी देणार नाही."

अमरापूरच्या पुढे विचारत विचारत, ज्यांच्या रानात पेटी पडली त्यांच्या वस्तीवर पोचलो. फुग्याचं प्लास्टिक छपरावर अंथरून वर दगड ठेवलेले होते. नाडकर्णी हसले, "ते असू दे." घरधनी आसाराम आणि त्यांची बायको केसरबाई. बाईंनी आतून दोन्ही बाटल्या आणल्या, राखेनं घासून लखलखीत केलेल्या. नाडकर्णींनी एक हातात घेतली आणि ती आत खुळखुळली.

"यात काय आहे?"

"जवारी," केसरबाई म्हणाल्या. "मानसाचं भांडं रिकामं कसं परत द्यावं? झाकन खोललं तर फुस्स झालं, आत काईच न्हवतं."

नाडकर्णींनी ती बाटली बाजेवर ठेवली.

"म्या म्हनलं हुतं, साहेबाचं हाय, हात लावू नगं," आसाराम पुटपुटले.

"व्हय, झाकन खोलाया इंजिनाचा पाना मीच आनला जनू!" केसरबाई उसळल्या.

"आणि दुसरी?" नाडकर्णींनी विचारलं.

केसरबाईंनी पदर सावरला. "दुसरीला दाने पुरले न्हाईत. बाजार झाला की भरनार हुते. तुमीच लवकर आले."

नाडकर्णींनी दुसऱ्या बाटलीचं तोंड उन्हात फिरवून फिरवून पाहिलं. सील शाबूत होतं. मग पहिलीतली ज्वारी बाईंच्या सुपात ओतायला वाकले, तशा त्या मागं सरल्या. "वतू नका. घरी न्या."

पिठलं-भाकरी खाऊन परत फिरलो. शाबूत बाटली नाडकर्णींच्या मांडीवर होती, ज्वारीची मागच्या सीटवर.

"एकीवर भागेल?" मी विचारलं.

"दोन असत्या तर एकमेकींशी ताडून पाहता आल्या असत्या. आता हिच्या एकटीच्या शब्दावर विसंबायचं."

संध्याकाळी नगरला उतरताना त्यांनी ज्वारीची बाटलीही जपून उचलून नेली. पुढं ते भेटले नाहीत. त्यांना दुसरा फुगा मिळाला का, मला ठाऊक नाही. भोवऱ्याचं मात्र मी मिळेल तिथं वाचत आलो. आजही काही जण तो घट्ट होईल म्हणतात, काही जण ढिला पडेल म्हणतात, आणि दोघेही आकडेमोड करूनच बोलतात.

मला राहून राहून ते घर आठवतं. त्या आठवड्यात केसरबाईंकडे आणखी ओंजळभर दाणे असते तर नाडकर्णी रिकाम्या हातानं परतले असते. ते दाणे नव्हते याचं बरं वाटून घ्यावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.